कोल्हापुरात बसून चिंता-घबराटीवर मराठी ॲप काढलं तर धंदा चालेल का?

चालेल भावा, पण अजून एक ध्यानाचं ॲप नको. तसली ढिगानं पडल्यात.

माझ्या आतेभावाला रंकाळ्यावर फिरताना एकदम धडधडायला लागलं, तळहाताला घाम. फोनमधलं ॲप उघडलं तर आधी ओटीपी, मग वर्षाचे पैसे! तोवर गडी कट्ट्यावर बसून भेळवाल्याच्या गाडीवरच्या बरण्या मोजत शांत झाला. तुझ्या ॲपनं हेच करावं: उघडलं की लॉगिन नाही, नेट नाही, थेट मराठी आवाज, "समोरच्या पाच वस्तू सांग. आता श्वास सावकाश सोड."

पैसे घाबरलेल्या माणसाकडून घेऊ नकोस. क्लासेस, हॉस्टेलं, शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कंपन्यांना वर्षाच्या हिशेबानं विक. मात्र कुणाला काय त्रास, हे मालकाला अजिबात दिसता कामा नये.

"आजार बरा करतो" असली जाहिरात नको. मजकूर मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घे. पहिल्याच स्क्रीनवर १४४१६ चं बटण ठेव. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाईन, २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

कोडिंगवर आत्ताच लाखभर घालवू नकोस. आधी पाच-सहा ऑडिओ क्लिप करून ओळखीच्या वीस जणांना व्हॉट्सॲपवर पाठव, महिन्यानं कोण परत मागतंय ते बघ.