मुलगा इलेक्ट्रिशियन, नोकरी पेंट शॉपची: पाठवावं का?

प्रश्न : मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पास झालाय. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देतात, तिथे इलेक्ट्रोस्टॅटिक स्प्रे गनवर काम मिळतंय. पाहुणे म्हणतात, दोन वर्षं वायरिंग शिकून शेवटी रंगारीच व्हायचं का? हजारो व्होल्टची गन म्हटल्यावर त्याची आई घाबरली आहे. आमची कापसाची शेती, यातलं काही कळत नाही. – एक पालक, गेवराई (जि. बीड)

नमस्कार दादा,

पाठवा. पण तिथली सुरक्षितता आणि नेमणुकीचा कागद नीट बघून. पाहुण्यांचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही, कारण ही गन म्हणजे अर्धं विजेचंच यंत्र आहे.

तुम्ही कापसावर फवारता तेव्हा पानाची वरची बाजू भिजते आणि मावा-तुडतुडे असतात ती खालची बाजू कोरडी राहते. साध्या एअर गनचंही तसंच होतं, शिवाय निम्म्याहून जास्त रंग बरेचदा हवेतच उडून जातो. इलेक्ट्रोस्टॅटिक गन रंगाच्या थेंबांना ऋण भार देते. जॉब, म्हणजे रंगवायचा सुटा भाग, हँगरला टांगलेला असतो आणि हँगरमार्फत त्याला अर्थिंग मिळतं. मग थेंब जॉबकडे ओढले जातात, वळून मागच्या बाजूलाही बसतात. नीट चालवली तर 65 ते 90 टक्के रंग जॉबवर लागतो. महागडा रंग आणि थिनर वाचतो, म्हणून कारखान्याला ही गन लागते आणि ती नीट चालवणारा माणूसही लागतो.

आता तुमच्या मुलाचा फायदा कुठे, ते सांगतो. हँगरच्या हुकावर रोज रंगाचे थर चढतात. वाळलेला रंग वीज जाऊ देत नाही. थर जाड झाला की जॉबचं अर्थिंग तुटतं, रंग जॉबवर बसायचा सोडून गन धरणाऱ्याच्याच अंगावर येतो. नुसता रंग मारायला शिकलेला माणूस अशा वेळी हवेचा दाब वाढवतो, रंग पातळ करतो, तासभर झगडतो. इलेक्ट्रिशियन मेगर (मोठा विद्युत रोध मोजायचं यंत्र) लावून बघेल: जॉबपासून अर्थपर्यंतचा रोध 1 मेगोहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या, आत हवा. तो वाढलेला दिसला की हुक साफ करायला काढेल. गनमध्ये व्होल्टेज तयार होतंय का, केबल कुठे गळतेय का, रंगाचा विद्युत रोध योग्य आहे का, हे सगळं त्याच्याच विषयातलं आहे. रंगाचा हात त्याला शिकावा लागेल. खोलगट कोपऱ्यात भारित थेंब सहजी शिरत नाहीत, तिथे व्होल्टेज कमी करून मारावं लागतं. हे सरावानेच येतं.

ताईंची भीती मी हलक्यात घेत नाही. हातातल्या गनला साधारण 60 ते 90 हजार व्होल्ट असतात, पण करंट मायक्रोअँपिअरमध्ये (अँपिअरचा दहा लाखावा भाग), घरच्या 230 व्होल्टच्या लाईनपेक्षा कितीतरी कमी. खरा धोका आगीचा आहे. थिनरच्या वाफेत एक ठिणगी पुरते. म्हणून गन धरणाऱ्यालाही अर्थिंग लागतं: उघड्या तळव्याने गनची मूठ धरायची किंवा तळव्याला कापलेला हातमोजा, पायात अँटिस्टॅटिक बूट, खिशात किल्ल्या-नाणी नाहीत. दुसरा धोका श्वासाचा. हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा लागू शकतो. तिथे कापडी मास्क चालत नाही, नळीने ताजी हवा देणारा मास्क लागतो.

म्हणून रुजू होण्याआधी मुलाला एकदा पेंट शॉप बघू द्या. बूथचे (रंग मारायच्या बंदिस्त खोलीचे) पंखे चालू आहेत का, हुक स्वच्छ आहेत का, गनवाल्यांच्या तोंडावर काय आहे, एवढं बघितलं तरी कळेल. हुकांवर बोटभर रंग चढलेला दिसला आणि माणसं रुमाल बांधून उभी असतील, तर पगार कितीही सांगोत, तिथे पाठवू नका. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती मिळून दुसरी जागा मिळेल.

पुढच्या शिक्षणाचंही आत्ताच मनात ठेवा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा आणि पेंट शॉपचा अनुभव असेल तर देखभाल विभागात किंवा रोबोटवर चालणाऱ्या रंगाच्या लाईनवर जाता येतं.

नेमणुकीचा कागद आला की पदाचं नाव आधी वाचा. शिकाऊ उमेदवार म्हणून, 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेत असतील तर उत्तम, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदाराकडून ‘हेल्पर’ असं लिहून आलं तर सही करू देऊ नका. गनचं प्रशिक्षण कोण देणार आणि किती दिवसांत देणार, हे आधी लेखी मागा.