मेंटर म्हणून 24 मुलं दिलीत. मार्कांपलीकडे त्यांच्याशी बोलायचं काय?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात नव्याने लागलात, पहिल्याच वर्षी 24 मुलांचे मेंटर केलंय, हातात हजेरीचा आणि मार्कांचा तक्ता ठेवलाय आणि वरून सांगितलंय की ‘विद्यार्थ्याचा सर्व बाजूंनी विचार करा’. समुपदेशनाचं शिक्षण तर नाही, मग करायचं काय?

मी बडोद्यात रसायनशास्त्र शिकवते, 17 वर्षं झाली. पहिली पाच-सहा वर्षं हे काम मी चुकीचंच केलं.

बोडेलीहून येणारा एक मुलगा होता. थिअरीत बरा, पण जर्नल कायम अर्धवट. दुपारच्या बॅचमधून टायट्रेशनचं प्रॅक्टिकल अर्ध्यावर टाकून निघून जायचा. दोनदा केबिनमध्ये बोलावून झापलं त्याला आणि मेंटर फाइलमध्ये ‘बेजबाबदार’ असा शेराही मारला. तो उभा राहून ऐकायचा आणि ‘हो मॅडम’ म्हणून जायचा. दिवाळीआधी माझी मावशी डभोईला निघाली होती, तिला सोडायला मी प्रतापनगर स्टेशनवर गेले, तर हा पळत आला. पाठीवर सॅक, हातात ॲप्रनचा बोळा. छोटा उदेपूरची गाडी पकडायची होती. ती चुकली की एसटी, आणि रेल्वेचा पास काढलेल्या घराला वर एसटीचं भाडं कुठून जमणार? मावशीने पिशवीतला चिवडा त्याच्या हातावर ठेवला. मला मात्र कुठे बघावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याची बॅच सकाळची करून टाकली. लॅबच्या काकांनी रजिस्टरात एक नाव खोडून दुसऱ्या पानावर लिहिलं, झालं. एवढ्याशा कामासाठी मी चार महिने त्याला जबाबदारीवर व्याख्यानं देत होते.

तेव्हापासून ‘काय प्रॉब्लेम आहे?’ हे विचारणं मी सोडलं. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही मॅडम’. त्याऐवजी म्हणते, ‘कालचा दिवस सांग बघू, उठल्यापासून.’ मग आपोआप निघतं. एकजण पहाटे काकांच्या फरसाणाच्या दुकानात भट्टीपाशी असतो आणि पहिल्या लेक्चरला पेंगतो. हॉस्टेलवरची एक मुलगी दुपारी दोनपर्यंत नुसत्या चहावर असते. वाडीतल्या एका खोलीत पाच माणसं, त्यामुळे एकीचा अभ्यास सुरू होतो तो सगळे झोपल्यावर. यातलं तुमच्या तक्त्यात काहीच दिसणार नाही. मार्क पडतात ते सगळ्यात शेवटी; तोवर वर्ष हातचं गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत या कामाला बऱ्याच ठिकाणी वेगळी पगारी माणसं असतात. तिथल्या बर्न्स क्रूकस्टन या प्राध्यापकांनी 1972 मध्येच हे मांडलं होतं की सल्लागाराने डॉक्टरासारखी चिठ्ठी लिहून द्यायची नसते, विद्यार्थ्याबरोबर बसून ठरवायचं असतं. मी तर रोगी न तपासताच चिठ्ठ्या फाडत होते.

म्हणून नुसतं ऐकून घेणं पुरे, असंही नाही. नियम पाठ हवेत, नाहीतर तुम्ही फक्त प्रेमळ ताई. ‘घरी अडचण आहे, कॉलेज सोडतो’ म्हणणाऱ्याला पहिल्यांदा हे सांगा की नवीन शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पहिलं वर्ष 40 क्रेडिट मिळवून पुरं केलं आणि उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला, तर सर्टिफिकेट मिळतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. तुमच्या विद्यापीठाने हे कसं लागू केलंय ते मात्र आधी ऑफिसात विचारून घ्या. सेमिस्टरच्या मध्येच नाव काढलं तर त्या सेमिस्टरचं हातात काहीच राहत नाही, आणि नेमकं तेच मुलांना कुणी सांगत नाही. त्याच बैठकीत फीचा विषयही काढा. गुजरातेत असाल तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला 6 लाख आहे. ‘आपल्याला कुठली मिळणार स्कॉलरशिप’ म्हणून कित्येक घरं अर्जच करत नाहीत.

दुसरी चूक जास्त वाईट होती. दांडिया बाजारातली एक मुलगी, तिला सायन्स नको होतं, चित्रकलेकडे जायचं होतं. मी उत्साहात, तिला न विचारता, तिच्या बाबांना फोन केला. ओळखीतलेच होते, म्हटलं समजावून सांगू. आपल्या इथल्या मराठी मंडळींचं माहीत आहे ना, हिची आजी नि माझी काकू एकाच भिशीत! गणपतीच्या आरतीपर्यंत गोष्ट सगळीकडे झाली. मुलगी माझ्याशी बोलायची ती बंदच झाली. अजून रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाते. अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी आहे, तिच्या घरी बोलायचं तर आधी तिला विचारायचं, हे मला एवढं महागात शिकावं लागलं.

याला एकच अपवाद. जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं, असं कुणी म्हणालं तर ते गुपित ठेवायचं नाही, आणि एकट्याने सावरायलाही जायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच्यासमोरच टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा (सरकारी आहे, फुकट, चोवीस तास), आणि त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना यात घ्या. ‘घरी कळवतोय’ हे त्याला तोंडावर सांगा. तुम्ही समुपदेशक नाही आहात, आणि असल्याचा आव तर मुळीच नको.

आता तुमच्या 24 जणांचं. सगळ्यांना एकदम वर्गात बसवून ‘मेंटरिंग’ उरकू नका, तिथे कुणी बोलत नाही. रोज दोघं, वीस-वीस मिनिटं, म्हणजे 12 दिवसांत होतात. पहिल्या इंटर्नल परीक्षेच्या आधी करा. फाइलमध्ये शेरा नको, तारीख आणि तुम्ही काय केलंत ते लिहा: ‘बॅच बदलली’, ‘फीचा हप्ता करून दिला’. आणि नवरात्राचे नऊ दिवस सकाळी साडेआठला कुणाला बोलावू नका. मी बोलावलं होतं. गरबा खेळून आलेले दोघं माझ्यासमोर खुर्चीतच झोपले.