आधीच लोक हसतात, मग विदूषक कशाला व्हायचं?

"मॅडम, शाळेपासून लोक मला हसतच आलेत. आता स्वतःहून लाल नाक लावून हसवून घेऊ?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणारा हा मुलगा सव्विशीचा, मूळचा सांगलीकडचा, पुण्यात नोकरीला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तो गे आहे हे घरी माहीत नाही. ज्या एलजीबीटीक्यू गटात तो अधूनमधून जायचा तिथे क्लाउनिंगची, म्हणजे विदूषकी शिकवणारी, कार्यशाळा ठरली आणि याची झोप उडाली. नाटकाचा विषय निघाला की ही धास्ती मला अनेकांकडून ऐकायला मिळते, आणि ती रास्तच आहे. वर्गात 'बायल्या' म्हणून चिडवलं गेलेल्या माणसाचं अंग मागून कुणी हसलं तरी आखडतं.

मी विचारलं, "ते हसणं थांबवणं तेव्हा तुझ्या हातात होतं का?" नव्हतं. सगळा फरक तिथेच पडतो. तमाशातला सोंगाड्या वगात भर दरबारात राजाची फिरकी घेतो. लोक पोट धरून हसतात, पण टोला कधी हाणायचा, कुठे गप्प बसायचं, हे तो ठरवतो. आपल्या तमाशापटांनी मात्र नाच्याच्या बायकी हावभावांवर हशे वसूल केले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वाट्याला आलं ते हे दुसरं हसू.

पॅरिसमध्ये १९५६ साली नाट्यशाळा काढणारे जाक लकॉक लाल नाकाला जगातला सर्वांत लहान मुखवटा म्हणायचे. त्यांच्या पद्धतीत विदूषक विनोद सांगत नाही. त्याला जे जमत नाही, जे तो एरवी लपवतो, तेच तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघत मोठं करून दाखवतो.

त्या मुलाच्या परवानगीने मी कार्यशाळा घेणाऱ्या ताईंशी बोलले. मोबाइल बाहेर, चित्रीकरण नाही, कुणालाही बळेच पुढे ओढायचं नाही, आणि कधीही उठून जायची मुभा. एवढं पक्कं झाल्यावर तो गेला.

तिथला एक खेळ त्याने मला खोलीत करून दाखवला. आपली चाल घ्यायची आणि ती वाढवत न्यायची. मला वाटलं होतं, तो चिडवली गेलेली चाल घेईल. त्याने घेतली शाळेत घोकून बसवलेली 'मर्दानी' चाल: हात खिशात, खांदे ताठ, मान गच्च, मनगट चुकून वळू नये म्हणून मूठ आवळलेली. ती वाढवत वाढवत इतकी नेली की त्याला दारातून वळता येईना. कार्यशाळेत बसलेले सगळे हसले, कारण त्यातल्या बहुतेकांनी स्वतःवर असाच पहारा ठेवलेला. त्याने हात वर केला, हसू थांबलं. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा हशा. "माझ्या इशाऱ्यावर हसत होते, मॅडम," हे सांगताना तो रडला. मीही हलले.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण वर्षानुवर्षं अंगात मुरलेला पहारा निकालाने उठत नाही. त्यासाठी शरीरालाच काहीतरी करू द्यावं लागतं, नुसतं माझ्यासमोर खुर्चीत बसून बोलणं पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरीही प्रत्येकाला मी लगेच पाठवत नाही. नुकताच अत्याचार सोसलेल्या किंवा जीव द्यायचे विचार येत असलेल्या व्यक्तीला आधी आधार आणि उपचार हवेत. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. आणि पालकहो, नाटकाने मूल 'सुधारेल' म्हणून विचारत असाल तर सुधारण्यासारखं त्यात काही नाही. असा 'इलाज' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

घरी त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मी घाई करत नाही. ते कधी सांगायचं हेही त्यानेच ठरवायचं आहे. सध्या तो कार्यशाळेला नियमित जातो.