गाडी सुरू करताना फॅन बेल्ट किंचाळतो. घरच्या घरी टाइट करता येईल का?

येईल की. अल्टरनेटर, म्हणजे या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तिथपर्यंत हात पोचत असेल तर त्यासाठी गॅरेज गाठायचीही गरज नाही. पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘एकदाचा असा कचकून आवळायचा की पुन्हा बघायला नको’, ते वाचलं आणि राहवलं नाही. हे आमच्या दाजींचं वाक्य आहे, शब्दन् शब्द.

मी ताईकडे राहायला गेलो होतो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी ताईने गाडी सुरू केली, दिवे आणि एसी लावला, आणि बोनेटखालून असा चिरका आवाज आला की शेजारचे खिडकीत आले. दाजी अंगणात दात घासत होते. ब्रश तोंडात ठेवूनच त्यांनी बोनेट उघडायला लावलं, बेल्ट एकदा हलवून बघितला आणि निकाल दिला, “ढिला झालाय. टॉमी आण.” टॉमी म्हणजे उचकटायची लोखंडी कांब.

ढिला होता, नाही म्हणत नाही. पण मी टॉर्च मारून बेल्टची आतली बाजू बघितली तर ती चकचकत होती. रबर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. असा बेल्ट कितीही ताणा, पुलीवर घसरणारच. तो बदलायचा असतो. हे मी बोलेपर्यंत दाजींनी अल्टरनेटर आणि इंजिनाच्या मध्ये टॉमी घालून तिच्यावर अख्खं अंग टाकलं होतं, आणि मला फर्मान सुटलं, “आवळ बोल्ट.” गाडी त्यांची, घर त्यांचं, मी पाहुणा. दाजींच्या हातातून टॉमी काढून घ्यायची सोय मेहुण्याला नसते. काम झाल्यावर बेल्टला टिचकी मारली तर एकतारीसारखा वाजला. आवाज बंद. ताई खूश, आणि दाजी उरलेले दात घासायला मोकळे.

काही महिन्यांनी ताईचा फोन. आता किंचाळत नाही पण घरघरते. मी जाऊन लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत वाळू भरडल्यासारखी खरखर. बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवली तर ती अडखळत होती, वर-खाली हलवली तर चक्क खेळत होती. पुढचं बेअरिंग गेलं होतं. दाजींचं म्हणणं, बेअरिंग मुळातच हलकं होतं. आजही भेटलो की तेच म्हणतात.

तर त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकदाच लिहून ठेवतो. बेल्ट अल्टरनेटरच्या शाफ्टला सतत एका बाजूला ओढत असतो. ती ओढ ठरावीक मर्यादेपर्यंतच सोसेल असं बेअरिंग असतं. तुम्ही ताण वाढवलात की इंजिन चालू आहे तोवर ते बेअरिंग रगडलं जातं. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. त्याचं बेअरिंग आणि सील गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळायला लागतं, मग इंजिन तापतं. ढिला बेल्ट निदान ओरडून सांगतो.

आता तुमचं काम. इंजिन थंड असू द्या. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबा. जुन्या पद्धतीच्या, आतल्या बाजूला निमुळत्या व्ही बेल्टला साधारण 10 किलोच्या जोराला 10 मिलिमीटरच्या आसपास दबणं ठीक. रुंद, उभ्या खाचांचा बेल्ट याहून कमी दबतो. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच शेवटचा. अल्टरनेटर ज्या बोल्टवर झुलतो तो आणि खाचेच्या पट्टीवरचा लॉक बोल्ट, दोन्ही जरा सैल करा. अॅडजस्टिंग स्क्रू असेल तर थोडा थोडा फिरवून दरवेळी अंगठा लावून बघा. स्क्रू नसेल तर टॉमी लागेल, पण ती अल्टरनेटरच्या जाड कानाजवळ टेकवा, जाळीच्या भागावर नको, तिथलं अॅल्युमिनियम तडकतं. बोल्ट आवळा, दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करून परत दाबून बघा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच, तेव्हा ‘पुन्हा बघायला नको’ हे विसरा.

आवाज ढिलेपणाचाच आहे का, हे आधी तपासलेलं बरं. चालू इंजिनावर, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, तिथे आवळून काही होणार नाही. टॉमी मागवण्याआधी दाजींनी एवढं केलं असतं तरी चाललं असतं.

बेल्टवर मारायचा स्प्रे चालेल का, असंही विचारलंय तुम्ही. नको. चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते, आवाज थोडे दिवस दबतो आणि खरं कारण लपतं.

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं खरं, पण काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि इंजिन चालवायच्या आधी परत जोडा. अल्टरनेटरच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही करंट असतो, पाना तिथून बॉडीला लागला तर ठिणग्या उडतील. इंजिन चालू असताना लोंबता कपडा किंवा मोकळे केस घेऊन बोनेटवर वाकू नका. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, त्याला घरी हात लावायचा नाही.

आणि गाडी नवी असेल तर वरचं बरंचसं लागूच होत नाही. बहुतेक नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर असतो, तो ताण आपोआप सांभाळतो. तिथे बेल्ट ढिला वाटला तर बेल्ट झिजलाय किंवा टेन्शनर थकलाय, बदलायचा. आवळायचा बोल्टच नसतो. दाजींनी नवी गाडी आणल्यावर तो बोल्ट तासभर शोधला, असं ताई सांगते.