आरसी गाडीसाठी घरात कोपरा मांडताना

प्रिय दोस्ता,

आरसी गाडीच्या, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीच्या, कामासाठी टेबल कोणतं घेऊ, असं विचारलंस. टेबलाचं सांगतोच, पण त्याआधी घरातून एक फेरी मार आणि तीन जागा बघून ठेव: गाडी धुण्याची, गाडी उघडण्याची आणि बॅटरी चार्ज करण्याची. तिन्ही कामं एकाच फळीवर आली की माती बेअरिंगमध्ये जाते, पाणी रिसीव्हरमध्ये (रिमोटचे संकेत घेणाऱ्या डबीत) जातं आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चार्ज होते ती थेट थिनरच्या बाटलीशेजारी. जागा लहान असली तरी चालेल, वेगळी हवी.

धुण्याची जागा घराबाहेर, मागच्या अंगणात किंवा नळाजवळ. आपल्या सड्यावरची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. ती कोरडी असेपर्यंत सहज झडते आणि पाणी लागलं की प्रत्येक सांध्यात लिंपली जाते. म्हणून आधी कोरडा ब्रश. रंगाचा एक इंची ब्रश घे, केस निम्मे कापून आखूड कर. सस्पेन्शनचे आर्म, त्यांच्या हिंज पिन, शॉकच्या स्प्रिंगा, चाकांची आतली बाजू हे सगळं झाड. मग भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी फवाऱ्याच्या बाटलीतून मार आणि टूथब्रशने घास. प्रेशरचा पाइप लावू नको, तो बेअरिंगच्या सीलमधून चिखल आत ढकलतो. धुतल्यावर ब्लोअरने थंड हवा मार, सांध्यांवर आणि स्क्रूंवर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा दे. हा फवारा पाणी हाकलतो, वंगण म्हणून टिकत नाही. त्यामुळे तो पुसून बेअरिंगमध्ये एकेक थेंब बेअरिंग ऑइल घालायचंच. १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) बऱ्याच गाड्यांत ५×११×४ आणि १०×१५×४ मिलिमीटरची बेअरिंग असतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत मापं बघून दोन्हींचा एकेक संच घरात ठेव. बोटावर फिरवून खरखर लागली तर ते बेअरिंग साफ करत बसण्यापेक्षा बदललेलं बरं.

किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह होईल. गाडीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते पाण्यापुरतं, मिठाच्या पाण्यापुरतं नव्हे. शिवाय वाळूतले काळे कण लोहचुंबकाला चिकटतात, म्हणजे मोटरच्या आत जाऊन बसतात. नेलीसच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने दोनदा धू, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नको. आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. तिथे गाडी नकोच.

आता उघडण्याची जागा. समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी किंवा पुढची ओसरी यासाठी नको. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून खारी ओल घेऊन येतो आणि हेक्स ड्रायव्हरच्या (षटकोनी टोकाच्या पेचकसाच्या) टोकांवर आठवडाभरात तांबूस डाग दिसू लागतात. माजघराकडची किंवा पूर्वेची खोली बघ. चिऱ्यांच्या जुन्या भिंती ओल धरतात, तेव्हा टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव आणि त्या भिंतीला खुंट्या ठोकून हत्यारं टांगू नको.

टेबलाची फळी पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची घेऊ नको. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात आणि सनमायका सुटतो. १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घे, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघ, वर पांढरा मॅट सनमायका लावून कडा पट्टीने बंद करून घे. रंग पांढराच, कारण काळा एम३ (३ मिलिमीटर जाडीचा) स्क्रू काळ्या फळीवर सापडत नाही. लांबी चार फूट, खोली दोन फूट पुरते. बसून काम करायचं तर उंची ७२ ते ७५ सेंटिमीटर, उभ्याने करायचं तर ९० च्या आसपास. पुढच्या आणि बाजूच्या कडांना एक सेंटिमीटर उंचीची पट्टी मार म्हणजे ई-क्लिप (पिन अडकवणारी बारीक चकती) घरंगळून खाली जाणार नाही. पाय लोखंडी अँगलचे, रंग दिलेले. लाकडी पायांतून वाळवी वर चढते आणि आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दिवे दोन, डावीकडून एक आणि उजवीकडून एक. एकच दिवा डोक्यामागे असला तर आपल्याच हाताची सावली नेमकी स्क्रूवर पडते.

टेबलावर गाडी ठेवायला स्टँड हवा, असा की चारही चाकं फळीपासून दोन-तीन इंच अधांतरी राहतील. हा फक्त सोयीचा भाग नाही. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. क्रम चुकला आणि चाकं टेकलेली असली तर गाडी टेबलावरून थेट फरशीवर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) रिमोटशी जुळवताना, म्हणजे कॅलिब्रेट करताना, तर पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) मोटरवरून काढूनच ठेव.

हत्यारांत पैसे एकाच ठिकाणी खर्च कर: चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर, १.५, २.०, २.५ आणि ३.० मिलिमीटर. बाकीचं बाजारात मिळेल ते चालेल: ५.५ आणि ७ चे नट ड्रायव्हर, टोकदार पक्कड, वाकडी कात्री, डिजिटल कॅलिपर. १/८ मापाची गाडी असेल तर चाकांसाठी १७ मिलिमीटरचा पाना. तामियाची गाडी घेतलीस तर तिचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. आपला नेहमीचा फुलीचा पेचकस त्यांत नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. बॉल-एंड (गोलसर टोकाचा) ड्रायव्हर फक्त अडचणीच्या कोनासाठी ठेव, घट्ट स्क्रू त्याने काढू नको.

स्क्रूचं डोकं खराब होतं त्याचं कारण बहुधा जोर नसतो, आत अडकलेली माती असते. ड्रायव्हर पूर्ण खोल जात नाही, वरच्या कडेवरच फिरतो आणि कोपरे खातो. काढण्याआधी सुईने खाच कोरून साफ कर, ड्रायव्हर तळाला टेकला का बघ, मग फिरव. धातूत बसलेला स्क्रू हलतच नसेल तर आत थ्रेडलॉक (आटे जखडणारा गोंद) आहे. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट धर, थ्रेडलॉक मऊ पडतो. परत बसवताना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक एक थेंब, तोही धातूत धातू जात असेल तिथेच. प्लास्टिकला तो लागला तर तडे जातात. प्लास्टिकच्या भोकात स्क्रू घालताना आधी उलटा फिरव. एका जागी ‘टक’ असा बारीक आवाज येतो, स्क्रू किंचित खाली बसतो, म्हणजे जुने आटे सापडले. तिथून सुलटा फिरव. ही सवय नसली की प्रत्येक वेळी नवे आटे कापले जातात आणि पाचव्या-सहाव्या वेळी भोक सैल होतं.

पिनियन आणि त्याला भिडणाऱ्या मोठ्या स्पर गिअरच्या मधल्या फटीसाठी वहीच्या कागदाची पट्टी पुरते. दातांमध्ये पट्टी घाल, मोटर दाबून स्क्रू आवळ, पट्टी फिरवून बाहेर काढ. पट्टीवर दातांच्या घड्या दिसाव्यात, कागद फाटलेला नसावा. घट्ट बसवलंस तर मोटर तापते, सैल ठेवलंस तर स्पर गिअरचे दात उडतात. मे महिन्यात चालवून आल्यावर मोटर ७५ अंशांच्या वर गेलेली दिसली तर पिनियन एक-दोन दातांनी लहान लाव. इन्फ्रारेड थर्मामीटर म्हणूनच टेबलाच्या खणात असावा.

सोल्डरिंग शिकूनच घे. बॅटरीच्या जाड तारांना २५ वॉटचं आयर्न पुरत नाही. ते तार तापवत राहतं आणि सोल्डर वितळण्याआधी इन्सुलेशन आकसतं. ६० वॉटचं किंवा त्याहून जास्त, छिन्नीसारखं चपटं टोक, तापमान ३८० ते ४०० अंश. सोल्डर ६३/३७, रोझिन असलेलं. नळाच्या कामाची ॲसिडची पेस्ट लावू नको, ती नंतर तांब्याला खात राहते. एक्सटी६० (बॅटरीचा कनेक्टर) लावायचा तर त्यात जोडीचा दुसरा कनेक्टर घालून ठेव, नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरप्या होतात. हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) तारेवर आधी चढव, जोड झाल्यावर आठवण होऊन उपयोग नसतो. तार आणि पिनचा कप दोन्हींवर वेगवेगळं सोल्डर चढवून घे, मग एकत्र धरून तीन-चार सेकंद तापव आणि आयर्न काढल्यावर हात हलवू नको. जोड चकचकीत दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर तो थंड जोड, पुन्हा कर. पंखा डोक्यावर फिरत असतो तेव्हा हे हमखास होतं. पंखा बंद, खिडकी उघडी. आणि बॅटरीच्या दोन तारा कधीही एकदम कापू नको, कात्रीचं पातंच शॉर्ट करतं. एक काप, तिचं काम पूर्ण कर, टेप लाव, मग दुसरी.

चार्जिंगची जागा टेबलापासून लांब. फरशीवर किंवा चिऱ्याच्या कट्ट्यावर, एक मीटरच्या आत पडदा, पुठ्ठा, रद्दी, थिनर काही नको. लाकडी कपाटात तर नाहीच. जाड पत्र्याचा डबा घे, झाकणाचं रबर काढून टाक म्हणजे वायू कोंडणार नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली, वर झाकण, कारण पावसात वाळूही ओल धरते. बॅटरी पेटलीच तर मेन स्विच बंद कर, हात पोचत असेल तर वाळू ओत आणि बाहेर ये. तो धूर विषारी असतो. मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन.

चार्जरवर आधी बॅटरीचा प्रकार बघ. लायपोला निकेलच्या मोडवर लावणं हे आग लागण्याचं जुनं कारण आहे. मग बॅलन्स मोड, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा. करंट १सी, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर. २एस, म्हणजे दोन सेलची, बॅटरी ८.४ व्होल्टपर्यंत जाते, तेव्हा ४२ वॉट लागतात आणि ५० वॉटचा चार्जर पुरतो. तीच ३एस असेल तर ६३ वॉट होतात. चार्जर आपोआप करंट कमी करतो आणि वेळ जास्त लागतो. बिघाड समजून उघडू नको. चालवून आणलेली बॅटरी अर्धा तास निवू दे. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल तर तिला ‘जिवंत’ करण्याचे उपाय शोधू नको. सुजलेली बॅटरी टोचू नको आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नको, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथे पेटते. उघड्यावर १२ व्होल्ट २१ वॉटचा मोटारीचा बल्ब जोडून पूर्ण रिकामी कर आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

जुन्या घरांत दोन पिनांचे बोर्ड आणि नावापुरतं अर्थिंग असतं. मिस्त्रीकडून नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घे. वीज गेली की इन्व्हर्टरवर चार्जिंग ओढू नको. वीज आल्यावर चार्जर कोणत्या मोडवर उठलाय ते बघून मग पुन्हा सुरू कर. मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात प्लग भिंतीतूनच काढलेला बरा.

राहिला पावसाळा. मृगाआधी एक दिवस यासाठी काढ. सगळ्या लायपो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेव. पूर्ण भरलेली बॅटरी चवथीपर्यंत तशीच राहिली तर फुगते. महिन्यातून एकदा मोजून बघ. रिमोटमधले सेल काढ, ते गळले की पत्र्या हिरव्या पडतात. हत्यारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ती रबरी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घाल, आत शंभरेक ग्रॅम नारिंगी सिलिका जेल. रंग उतरला की स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, पुन्हा वापरता येते. सुपरग्लूची बाटली वेगळ्या हवाबंद बरणीत, जेलसकट. कपाटात ओल मारायला १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावतात ते चालतं (एलईडी पुरेसा तापत नाही), मात्र त्या कपाटात बॅटरी, थिनर किंवा स्प्रे रंग नको. लेक्झनच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) बॉडीला रंग द्यायचा असेल तर तोही मेपर्यंत उरक. जुलैच्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

नायट्रो इंजिनाबद्दल विचारलंस, त्यावर एवढंच: ते इंधन मेथॅनॉलचं असतं, घरात साठवू नये. पहिली गाडी इलेक्ट्रिकच घे.

खोलीची लांबी-रुंदी, खिडकी कोणत्या दिशेला आणि विजेच्या बोर्डाचा एक फोटो एवढं पाठव. सॉकेट कुठे आणि टेबल कुठे, ते त्यावरून ठरवू.

कळावे.