मैत्री टिकवायला हाताने लिहिलेल्या पत्रांचा अजून काही उपयोग आहे का, की मेसेज पुरेसे आहेत?

पुरेसे नाहीत. माझी एकच जिवाभावाची मैत्री दोन्हींवर जगली आहे, आणि एकदा मेसेजवरच मरता मरता वाचली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

1996 मध्ये मैत्रिणीचं लग्न झालं. मी गेले नाही. परीक्षा आहे असं कळवलं होतं. लग्नानंतर बारा-पंधरा दिवसांनी तिचं चार पानी पत्र आलं. कोण आलं, कोण रुसलं, सगळं अगदी खुशीत लिहिलेलं. तिसऱ्या पानावर मात्र अर्धी ओळ इतक्या जोरात खोडलेली की कागद फाटायचाच बाकी होता. पुढे लगेच, ‘एकूण छान झालं सगळं.’

मी ते पान उलटं करून दिव्यासमोर धरलं. बॉलपेनने दाबून लिहिलं की मागून अक्षरं उठतात आणि वरून कितीही गिरगटलं तरी पहिल्या अक्षरांचे उठाव थोडे वेगळे लागतात. बोट फिरवून फिरवून वाचलं. ‘तू नव्हतीस म्हणून मला’ एवढंच होतं. वाक्य पुरं केलेलंच नव्हतं.

त्याच रात्री मी सहा पानं लिहिली. खोडलेलं वाचल्याचा उल्लेख केला नाही, पण परीक्षा हे निमित्त होतं हे कबूल केलं. लग्न ठरल्याचं तिने मला सगळ्यांत शेवटी सांगितलं होतं, त्याचा राग होता. तिचं उत्तर आलं, त्यात बाकी गप्पाच होत्या. शेवटी ता. क. : ‘खोडलेलं वाचलंस ना?’

पुढे आम्हीही व्हॉट्सॲपवर आलो आणि पत्रं थांबली. पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय तिथे 2017 मध्ये आली. त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी फोन उघडला, तर रात्री दीडला तिने काहीतरी पाठवून काढून टाकलेलं. मेसेज हटवल्याची ती ठरावीक ओळ तेवढी होती. चुकून आला असेल असं समजून मी सोडून दिलं. त्यानंतर तिची उत्तरं आखडत गेली. हो, बघू, नुसता अंगठा. मग तेही नाही. दीड वर्ष.

भेटलो तेव्हा कळलं की त्या रात्री तिने स्वतःच्या आजाराबद्दल लिहिलं होतं. एवढ्या रात्री हिची झोप कशाला उडवायची, म्हणून पुसलं. ‘पण तू विचारशील असं वाटलं होतं,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘अगं, पुसलेलं मी कसं विचारणार?’ तर म्हणते, ‘पत्रातलं खोडलेलं वाचलं होतंस की!’

हा वाद आमच्यात अजून चालू आहे. तिचं म्हणणं, मी आळस केला. माझं म्हणणं, पत्रात वाचण्यासारखं काही उरलेलं होतं. चुकीच्या माणसाला गेलेला फॉरवर्ड असो की रडत लिहिलेलं काही असो, पुसल्यावर स्क्रीनवर दोन्हींची एकच ओळ दिसते. 1996 ची ती अर्धी ओळ मला आजही पाठ आहे. त्या रात्रीचे शब्द आता तिलाही आठवत नाहीत. शिवाय मध्ये बॅकअप न घेता फोन बदलला, त्यात आमचं तीन वर्षांचं बोलणं गेलं. पत्रं आहेत. माझी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. मी तरुणपणी कशी होते हे वाचायचं तर मला तिच्याकडे जावं लागतं, आणि हे मला फार आवडतं.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. रोजचं बोलणं खुशाल मेसेजवर करा, पण वर्षातून दोन-तीनदा कागदावर लिहा. आधी कच्चं लिहून मग सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नका, खाडाखोडीसकट पाठवा. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती सोडा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवर संशोधन प्रसिद्ध केलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कमी अवघडले आणि जास्त सुखावले. कागद की ईमेल हा त्यातला मुद्दा नव्हता, पण पेन हातात घेऊन थांबणाऱ्यांना तेवढा दिलासा पुरेल. आलेली पत्रं उजेडात ठेवू नका, बॉलपेनची शाई उडते.

अर्थात ज्यांचा हात दुखतो किंवा ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांच्यावर पत्राची सक्ती करण्यात अर्थ नाही. तातडीचं असेल तर सरळ फोन करा. आजारपण पत्राने कळवत बसू नका, पत्र पोहोचेपर्यंत माणूस एकटा पडतो. रागाच्या भरात लिहिलेलं मात्र रात्रभर ठेवून मगच पेटीत टाका.

मैत्रिणीचं एक म्हणणं मी मान्य केलंय. मेसेज हटवल्याची ओळ दिसली, तर ‘काय लिहिलं होतंस?’ एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. मी विचारलं नाही.