शू कधी केली, ते लिहिलंस का?

प्रिय मुला,

परवा तू तासभर बोलत होतास आणि तासभर माझी म्हातारी कुत्री तुझ्या मांडीवर होती. ती सहसा कोणाजवळ जात नाही. तेव्हा तुला प्राण्यांचा लळा आहे की नाही, हा विषय माझ्यापुरता मिटला. मालक बाहेरगावी असताना प्राणी सांभाळायचं बोर्डिंग काढायचं म्हणून सात नावं काढून आणली होतीस, पंजाचा लोगोही तयार होता. मी विचारलं, रात्री दोनला एखाद्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि मालक विमानात असला, तर ऑपरेशनला हो कोण म्हणणार? तू म्हणालास, "तेव्हाचं तेव्हा बघू." त्या वाक्यापायी मी रात्री नीट झोपले नाही. नोकरी सोडू का, हे तुला विचारायचं होतं आणि मी उत्तर न देताच तुला वाटेला लावलं. आता देते. आधी एक वही घे.

हसू नकोस. लोगो राहू दे, वही घे. आणि प्राणी दारातून आत येण्याआधी लिहून घे.

माझ्याकडे एक पिवळा बोका आला होता, चार दिवसांसाठी. तेव्हा मला हे काम करून तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं अशा थाटात मी वावरत होते. बोका गोड, लाडावलेला. दुसऱ्या दिवशी तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायचा, वाळू उकरायचा, बाहेर यायचा, परत जायचा. मला वाटलं, नवी जागा आहे, पोट साफ होत नसेल. मदतीला दोघी होत्या. सकाळी ट्रे कोरडा दिसला तेव्हा एकीला वाटलं दुसरीने साफ केला असेल, दुसरीला वाटलं मी केला असेल. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडा किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. हे मला माहीत होतं! वाचलेलं होतं, बघितलेलंही होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो कोपऱ्यात गार पडलेला सापडला. डॉक्टरांनी नळी घातली, पण उशीर झाला होता.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटची शू कधी केली होती त्याने?"

मला सांगता आलं नाही. तीन माणसं, एक बोका, आणि एकीलाही सांगता आलं नाही. प्रेम तिघींचंही होतं, बरं का.

तेव्हापासून प्रत्येक पिंजऱ्यावर कागद लटकतो. खाल्लं किती, पाणी किती, शी कधी, शू कधी, आणि बघितलं कोणी. 'ठीक आहे' लिहिलेलं मला चालत नाही. ठीक म्हणजे काय? अर्धी वाटी की पूर्ण? मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते, लठ्ठ मांजरात तर लवकरच. 'रुसलंय' म्हणत बसशील आणि ते दोन दिवस कधी सरले, कळायचंही नाही. कागद असला की कळतं.

आत घेतानाच्या पानाबद्दल सांगते, कारण तिथे तू भिडेखातर घसरणार हे मला आत्ताच दिसतंय. वजन काट्यावर करून लिही, मालकाच्या अंदाजाने नको. अंगावर आधीची जखम, गाठ, टक्कल असेल तर मालकासमोर बोट ठेवून लिही. औषधाचा डोस बाटलीवरून उतरवून घे. डॉक्टरांचं नाव लिही. मालक फोनवर मिळाला नाही तर निर्णय कोणाचा आणि खर्च कुठपर्यंत, त्याखाली सही घे. "आमचा चावत नाही हो" असं म्हणाले, तर हसून विचार की यापूर्वी कधी कोणावर गुरगुरलाय, आणि तेही लिही. केसांच्या जटा झाल्या असतील तर मशीन फिरवावं लागेल, याची संमती आधी. बसक्या नाकाचा कुत्रा अंघोळीला आला तर ड्रायरची गरम हवा आणि बंद पिंजरा एकत्र नको. त्याला धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही, मिनिटांत उष्माघात होऊ शकतो.

लसीचं कार्ड डोळ्यांनी बघ, तारीख उतरवून घे. पिल्लाचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालतात. एक डोस झाला म्हणून 'लस झालीय' म्हणणारे पुष्कळ भेटतील. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा, विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. आधी घाण काढायची, मग ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच, आणि फरशी १० मिनिटं ओली राहू द्यायची. एका पिल्लाला हो म्हटल्याने आतल्या आठ जणांचा जीव टांगणीला लागतो. कार्ड नाही, प्रवेश नाही. रडले तरी नाही.

माझी गिऱ्हाइकं यामुळे गेली, हे लपवत नाही. "तुम्ही प्राण्यांवर प्रेम करता की कारकुनी?" असं एकाने तोंडावर विचारलं. माझ्याबरोबर सुरुवात केलेली मैत्रीणही याच कटकटीला कंटाळून वेगळी झाली. तिच्याकडे गर्दी जास्त असते, वातावरण घरच्यासारखं असतं, सगळे कुत्रे एकत्र जेवतात. बघून छान वाटतं. मी मात्र वेगवेगळ्या खोल्यांत वाट्या ठेवते, कारण घरी शहाण्यासारखा वागणारा कुत्रा परक्या ठिकाणी वाटीवरून दुसऱ्याचा कान फाडतो. मी कदाचित जास्तच ताठ झाले असेन. मैत्रिणीशी तरी मऊ बोलता आलं असतं. पण कागदाच्या बाबतीत मी हटणार नाही, आणि तूही हटू नकोस.

नोकरीचं म्हणशील, तर लगेच सोडू नकोस. सहा महिने शनिवार-रविवार ओळखीतला एकेक प्राणी सांभाळ, एका वेळी एकच, पूर्ण कागद भरून. तिसऱ्या रविवारी कंटाळा आला तर मला फोन कर. मी रागावणार नाही. कुत्री आहेच, तिच्याशी खेळायला येत जा. कंटाळा नाही आला, तर भरलेली वही घेऊन ये, मग जागेचं, दोन दारांच्या जाळीचं आणि दरांचं बोलू. सात नावांपैकी एकही मला आवडलं नाही, तेही तेव्हाच बोलू.

आतल्या खोलीत एक मांजर आजच आलंय. कपाटाखाली गेलंय ते अजून बाहेर नाही. ६.४० ला पाणी, चार-पाच घोट. खाणं नाही. शू नाही. नऊ वाजले, उठते.

तुझी,
मावशी